राग ड्रायव्हरचा, रोस्टर आमचं

(ड्रायव्हरचं नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. स्टाफच्या गाड्या चालवणारे, वाहतूक विभाग सांभाळणारे आणि ड्रायव्हरांशी बोलणारे समुपदेशक यांच्यासाठी हे लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण हा आमचा धंदा. 2023 साली आमच्याकडे 14 गाड्या होत्या, त्यातल्या 9 टेम्पो ट्रॅव्हलर. गाड्या आणि बँकेचे हप्ते नवरा बघतो, रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) आणि ड्रायव्हर माझ्याकडे. म्हणून तो 'शेठ' आणि मी 'वहिनी'.

दत्ताभाऊ आमच्याकडे नऊ वर्षं होते. वय 41, भोरकडचे, मुक्काम धायरीत. नऊ वर्षांत एकही अपघात नाही. पावसाळा लागला की गाडीच्या पायरीवर पोत्याचं पायपुसणं टाकायचे, स्वतःच्या घरून आणून. गाडीतल्या मुली त्यांना काका म्हणायच्या. एखादीला रात्री सोडलं की ती दारातून आत जाईपर्यंत हेडलाइट तिच्या गेटवर धरून थांबायचे. हे कुणी शिकवलं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांना ते गुंड वाटले. त्या चार मिनिटांत ते गुंडासारखेच वागले होते, त्यात शंका नाही.

त्यांचा रूट धायरी, वडगाव, वारजे, चांदणी चौक, बायपासने वाकड आणि तिथून हिंजवडी फेज 3. सकाळी साडेसातचं लॉगिन. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर पाडला आणि नवे उड्डाणपूल 12 ऑगस्ट 2023 ला सुरू झाले. मधले दहा महिने तिथे कुठली लेन कधी बंद होईल याचा भरवसा नसायचा. आमची घटना त्याच काळातली, जूनमधली.

काय घडलं

मंगळवार, सकाळचे 6:41. गाडीत 11 जण. वारज्याकडून चांदणी चौकाकडे जाताना रस्ता निमुळता होतो तिथे एका पांढऱ्या कारने डावीकडून येऊन कट मारला. दत्ताभाऊंनी करकचून ब्रेक दाबला. मागच्या सीटवरच्या एकीचा डबा खाली पडल्याचा आवाज डॅशकॅममध्ये आहे.

इथपर्यंत रोजचंच. पुढे ट्रॅफिक थांबल्यावर दोन्ही गाड्या शेजारी आल्या. कारवाल्याने काच खाली केली आणि म्हणाला, "ए ड्रायव्हर, लायसन विकत घेतलंय का?" मग हाताने एक खूण केली. ती कॅमेऱ्यात नाही, पण गाडीतल्या तिघांनी पाहिली.

त्यानंतर 40 सेकंद रेकॉर्डिंगमध्ये कुणाचाच आवाज नाही. फक्त वायपर. मी ती क्लिप वीसेक वेळा पाहिली असेन आणि दर वेळी त्या 40 सेकंदांशी अडते. माणूस अजून आपल्या हातात असतो तो एवढाच वेळ.

मग हॉर्न, सलग. अप्पर-डिपर. दीडेक किलोमीटर कारच्या मागे इतकं चिकटून की समोर फक्त तिची डिकी दिसते. बावधनच्या पुढे दत्ताभाऊंनी बाहेरून ओव्हरटेक करून गाडी आडवी घातली. सीटखालची टॉमी (चाक खोलायला लागते ती लोखंडी दांडी) काढली आणि उतरले. मागून मुलींचा आवाज येतो, "काका नको! काका!" टॉमी कारच्या आरशावर बसली. माणसाला लागलं नाही. ते चुकून की ठरवून, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही.

पहिला तास

6:52 ला त्यांचा फोन आला. मी विचारलं, "कुणाला लागलं का?" म्हणाले, "नाही." माझा दुसरा प्रश्न होता, "लॉगिनला पोचाल का?"

हे लिहायला बरं वाटत नाही, पण या प्रकरणातला पहिला निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. मी म्हटलं, "आधी सगळ्यांना पोचवा, मग बघू." ज्या माणसाचे हात थरथरत होते, छाती धडधडत होती, त्याला मी 11 माणसं घेऊन बायपासवरून आणखी 20 किलोमीटर पाठवलं. शरीर एकदा असं पेटलं की ते लगेच विझत नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी कट मारला असता तर? आमचा एक बदली ड्रायव्हर तेव्हा वारज्यातच होता. वीस मिनिटांत पोचला असता.

दुसरा फटका कायद्याचा. कारवाल्याने 112 ला फोन केला होता. पोलीस येईपर्यंत आमची गाडी निघून गेलेली. त्यामुळे तक्रारीत 'मारहाणीच्या उद्देशाने धावून आला आणि पळून गेला' असं आलं. पळून जा असं मीच सांगितल्यासारखं झालं.

दुपारी आम्ही दोघं चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी एक गोष्ट नीट समजावली, जी आमच्या एकाही ड्रायव्हरला ठाऊक नव्हती. शिवीगाळ आणि आरशाचं नुकसान, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतली 504 आणि 427 ही कलमं, अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. त्याची एनसी, म्हणजे नुसती नोंद, होते. पण कुणाची वाट अडवली की 341 लागतं, आणि ते दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांत भरली ती टॉमी, पण ड्रायव्हरला अडकवणारं होतं गाडी आडवी घालणं. (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. वाट अडवण्याचं कलम आता 126, बेदरकार गाडी चालवण्याचं 281.)

शेवटी एनसीवर भागलं. आरशाचे 4,200 रुपये आम्ही दिले. दत्ताभाऊ "चूक झाली" म्हणाले, "माफ करा" म्हणाले नाहीत. कारवाल्याने स्वतःच्या कटबद्दल अवाक्षर काढलं नाही. निघताना हवालदारांनी विचारलं, "टॉमी कुठं ठेवता गाडीत?" सीटखाली, म्हटलं. "मग मागं ठेवा की. स्टेपनीजवळ. हातात यायला वेळ लागला पाहिजे."

सगळ्या प्रकरणात मिळालेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा सल्ला हाच. त्याच संध्याकाळी 14 गाड्यांमधल्या टॉम्या आणि पाने मागे गेले.

समोर असलेले पर्याय

गाडीतल्या एकीने मोबाइलवर शूटिंग केलं होतं. दुपारपर्यंत ते कंपनीच्या वाहतूक विभागात पोचलं. मेल आला: ड्रायव्हरला 24 तासांत काढा आणि तसं लेखी कळवा.

काढून टाकणं सगळ्यात सोपं होतं. शेठचं मतही तेच. पण पुण्यात ड्रायव्हरची इतकी टंचाई आहे की आमच्याकडून गेलेला माणूस सोमवारी दुसऱ्या कुणाच्या गाडीवर बसला असता, तोच राग आणि तीच झोप घेऊन. कंपनीच्या कागदावर प्रश्न मिटला असता, बायपासवर नाही.

दुसरा पर्याय टुरिस्ट गाडीवर पाठवण्याचा. महाबळेश्वर, कोकण. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं: तापट माणूस शहरातून काढा आणि घाटात घाला. कुणाला हे शहाणपणाचं वाटतं, देव जाणे.

तिसरा पर्याय म्हणजे 15 दिवस स्टेअरिंगवरून उतरवायचं, पगार अर्धा, समुपदेशकाकडे पाठवायचं आणि तोवर हे का घडलं ते शोधायचं. मी कंपनीकडे तीन दिवस मागितले. सोबत डॅशकॅमची क्लिप पाठवायची होती. फक्त कट आणि 'ए ड्रायव्हर' एवढाच तुकडा पाठवावा, असं शेठ म्हणाले. खोटं सांगत नाही, मलाही मोह झाला. पण मुलीचा व्हिडिओ त्यांच्याकडे होताच. आमच्याकडून अर्धवट क्लिप गेली असती तर पुढचा एकही शब्द त्यांनी खरा मानला नसता. पूर्ण चार मिनिटं पाठवली.

रोस्टर उघडल्यावर

ते तीन दिवस मी जीपीएसचे रिपोर्ट आणि ट्रिपशीट घेऊन बसले. दत्ताभाऊंच्या स्वभावाचा पुरावा सापडेल अशी अपेक्षा होती. सापडलं ते माझंच काम.

आदल्या रात्री त्यांचा शेवटचा ड्रॉप कात्रजला, 1:20 ला. घरी पावणेदोन. सकाळचा पहिला पिकअप 5:50, म्हणजे उठायचं पाचला. झोप जेमतेम तीन तास. त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दोन दिवसांच्या ड्युटीमध्ये सलग नऊ तास विश्रांतीची तरतूद होती. माझ्या एक्सेलमध्ये मात्र रात्रीची पाळी एका शीटवर आणि सकाळची दुसऱ्या. दोन्हीकडे एकच नाव लागलं तरी शीट बोलत नाही.

मग वडगावचा थांबा. नियम असा की तीन मिनिटं थांबायचं, माणूस आला नाही तर नो-शो टाकून निघायचं. त्या दिवशी दत्ताभाऊ सात मिनिटं थांबले. का? तर मागच्या महिन्यात ते नियमाने निघून गेले होते, कर्मचाऱ्याने तक्रार केली होती आणि मी त्यांनाच झापलं होतं. थांबलं की उशीर, निघालं की तक्रार.

उशीर झाला की पैसे जायचे. लॉगिनला दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर कंपनी आमच्या बिलातून कापायची आणि त्यातले 250 रुपये आम्ही ड्रायव्हरच्या माथी मारायचो. कट बसला तेव्हा गाडी 9 मिनिटं मागे होती.

म्हणजे तो पांढऱ्या कारवाला आला तेव्हा दत्ताभाऊ आधीच एकशे ऐंशीच्या तव्यावर होते, आणि तवा आम्ही तापवला होता. टॉमी मात्र त्यांनीच उचलली. तीन तास झोपलेले सगळेच ड्रायव्हर टॉमी उचलत नाहीत.

काय केलं

समुपदेशकबाई विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे भावनेमागचा हटवादी विचार शोधून तो बदलायला शिकवत, काम करणाऱ्या. पहिल्या दिवशी दत्ताभाऊ माझ्यावर चिडूनच गेले. "वहिनी, मी काय येडा आहे का?"

बाईंनी त्यांना रागाबद्दल काहीच विचारलं नाही. एक यादी पुढे ठेवली. डेफेनबॅकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली गाडी चालवतानाचा राग मोजायची 33 प्रसंगांची प्रश्नावली केली होती, सहा गटांत: समोरच्याचे हातवारे, नियम मोडणं, पोलीस दिसणं, हळू चालवणं, उद्धटपणा, रस्त्यातले अडथळे. बाईंनी त्या धर्तीवर आपल्याकडचे प्रसंग घातले होते. राँग साइडने येणारा, वरात, रस्त्यात उभी दुधाची गाडी. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे.

दत्ताभाऊंनी ट्रॅफिक जामला एक दिला. वरातीला एक. "लगीन आहे, नाचणारच." कट मारण्याला तीन. खिडकीतून कुणी बोललं तर पाच. माझा समज होता की त्यांना ट्रॅफिकचा राग येतो. त्यांना ट्रॅफिकचं काही वाटतच नव्हतं. त्यांना लागला होता तो शब्द, ड्रायव्हर. नऊ वर्षं 'काका' ऐकणाऱ्या माणसाला 11 जणांसमोर 'ए ड्रायव्हर'.

हे कळल्यावर बाईंनी कामाची दिशाच बदलली. आधी त्या श्वास आणि स्नायू सैल सोडण्यावर भर देणार होत्या. ते ठेवलं, पण गाडीच्या भाषेत: सिग्नलला गाडी न्यूट्रल, हात हॉर्नवरून खाली, खांदे सोडायचे, श्वास घेताना दोन आणि सोडताना चार मोजायचे. डोळे मिटून बसायला त्यांनी साफ नकार दिला. "डोळे मिटायची सवय ड्रायव्हरला नको."

खरं काम झालं ते 'च'वर. मनातलं वाक्य बोलून दाखवा, असं बाई म्हणाल्या. ते म्हणाले, "माणसानं नीट बोललंच पाहिजे." बाईंनी कागदावर लिहून त्यातल्या 'च'ला गोल केला. माणसानं नीट बोलावं, ही इच्छा झाली, आणि ती रास्तच आहे. नीट बोललंच पाहिजे म्हटलं की जो बोलणार नाही त्याला धडा शिकवणं आलं. पुढच्या वेळी दत्ताभाऊ येताना स्वतःचे 'च' मोजून आले. दिवसभरात 22. "त्यातले आठ बायकोशी बोलताना," असं त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

कट मारणाऱ्यासाठी त्यांनी स्वतःच एक तोड काढली. "मी आता समजतो वहिनी, त्याला जोराची लागलीय. म्हणून पळतोय. जाऊ द्या बिचाऱ्याला." यावर समुपदेशनाच्या पुस्तकात बरंच काही असेल. आमच्या सगळ्या ड्रायव्हरांत आता हेच चालतं.

इकडे मी रोस्टरची दोन शीट एक केली. नऊ तासांचं अंतर नसेल तर नावाचा रकाना लाल होतो. 250 ची कपात बंद. नो-शोला तीन मिनिटं म्हणजे तीनच (इथला 'च' ठेवला), तक्रार आली तर उत्तर मी देणार. कंपनीने पहिला पिकअप 10 मिनिटं अलीकडे घ्यायला खळखळ केली, मग मान्य केलं. एक जादा ड्रायव्हर लागला. महिन्याला 19,000 वाढले. शेठ दोन दिवस बोलले नाहीत.

ड्रायव्हरांची बैठक घेतली तेव्हा मी नवज्योतसिंग सिद्धू यांचं प्रकरण सांगितलं. डिसेंबर 1988, पटियाला. रस्त्यावर गाडीवरून वाद, 65 वर्षांच्या गृहस्थांना मार, ते गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली 1,000 रुपये दंड केला आणि मे 2022 मध्ये एक वर्षाची सक्तमजुरी दिली. मला वाटलं, सगळे गंभीर होतील. मागून एक जण म्हणाला, "वहिनी, ते मोठे लोक. त्यांना 34 वर्षं लागली. आपण 34 तासांत आत." सगळे हसले. पण सभा संपल्यावर तिघांनी येऊन विचारलं, ते वाट अडवायचं कलम कुठलं म्हणालात?

निष्पत्ती

दत्ताभाऊ 15 दिवसांनी स्टेअरिंगवर आले, पहिला महिना फक्त दुपारच्या पाळीत. समुपदेशनाच्या सहा बैठका झाल्या. कंपनीने करार ठेवला, पण तो रूट दुसऱ्या वाहतूकदाराला दिला. तिथला प्रवेशही दत्ताभाऊंना कायमचा बंद. ते आता औषध कंपनीच्या स्टाफची गाडी चालवतात.

सगळं सुरळीत झालं, असं सांगणार नाही. ऑक्टोबरमध्ये भूमकर चौकात एका रिक्षावाल्याशी त्यांची जुंपली. उतरले नाहीत, पण शिव्या दोन्हीकडून. गाडी रिकामी होती. त्यांनी स्वतःच फोन केला, "वहिनी, आज झालं. बाजूला घेतलीय, हात थांबले की निघतो." मी म्हटलं, सावकाश निघा. या वेळी वेळापत्रकाचं विचारलं नाही.

जोरात ब्रेक लागला की जीपीएस इशारा देतं. दत्ताभाऊंचे इशारे कमी झाले, ते कशामुळे हे मी छातीठोक सांगू शकत नाही. ऑगस्टमध्ये चांदणी चौक मोकळा झाला, झोप वाढली, कपात गेली, बैठका झाल्या. सगळं एकाच पावसाळ्यात. मला विचाराल तर निम्मं श्रेय झोपेचं. समुपदेशकबाईंना हे पटत नाही.

आज करायचं झालं तर

गाडी जागेवर थांबवून बदली ड्रायव्हर पाठवणं, हे पहिलं. लॉगिन गेलं तरी चालेल. पोलिसांना फोन आपल्याकडूनही जायला हवा होता. हे आता छापील कागदावर प्रत्येक गाडीत आहे.

बैठका सुरू करायला मी आठ दिवस घालवले. अर्ध्या पगारावर घरी बसलेल्या माणसाने ते आठ दिवस स्वतःला शिक्षा झाल्यासारखे काढले आणि पहिल्या भेटीला तोच राग घेऊन गेला. अर्धा पगार कापायला नको होता. कपात बंद करायचा निर्णय घेणारी मी, आणि त्याच आठवड्यात त्यांची मोठी कपात मीच केली.

रागाचे इशारे आधी दिसत होते का? होते. त्याच महिन्यात दुसऱ्या एका ड्रायव्हरने नवले पुलाजवळ एका दुचाकीवाल्याची चावी काढून घेतली होती. ते मला घटनेनंतर तीन आठवड्यांनी, चहा पिताना, गंमत म्हणून कळलं.

आणि त्या 11 जणांचं राहिलं. दत्ताभाऊंशी मी कितीदा बोलले याची गणती नाही, कंपनीशी तीन बैठका झाल्या, कारवाल्याला पैसे पोचले. गाडीत बसलेल्यांना आमच्याकडून एक फोनही गेला नाही. ते कंपनीचे कर्मचारी, त्यांच्याशी कंपनी बोलेल असं मी धरून चालले. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या कामासाठी जुनी ट्रिपशीट काढली तेव्हा दिसलं की 'काका नको' म्हणून ओरडणाऱ्या दोघींपैकी एकीचा पिकअप घटनेच्या दुसऱ्याच दिवसापासून रद्द आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, स्वतःची दुचाकी. धायरी ते हिंजवडी, भर पावसात.